कोरा रकाना आणि अनुपलब्धी
बेसबॉलच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली असो वा गावोगावच्या टेनिस-चेंडू क्रिकेट स्पर्धांतले मोबाइल ॲप, खेळाडूच्या अलीकडच्या कामगिरीवरून त्याची क्षमता ठरवणे हे न्यायदर्शनाच्या परिभाषेत ‘शेषवत्’, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे, अनुमान होय. 1987 साली सुरू झालेली क्रिकेटपटूंची आंतरराष्ट्रीय क्रमवारीही जुन्या डावांचे वजन उत्तरोत्तर घटवते, आणि त्यात गैर काही नाही. कठीण प्रश्न कोऱ्या रकान्याचा आहे. जव्हार आणि मोखाडा या आदिवासी तालुक्यांतील कित्येक कुटुंबे भातकापणी आटोपली की भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर जातात, आणि नेमक्या त्याच कोरड्या महिन्यांत मैदाने गजबजलेली असल्यामुळे या कुटुंबांतील तरुणाच्या नावापुढे डावच नोंदला जात नाही. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. मात्र ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी, ही अट त्यांच्या परंपरेत महत्त्वाची ठरली, कारण अंधारात घडा दिसला नाही एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. भट्टीवर राबणाऱ्या तरुणाच्या बाबतीत ही अट मुळीच पुरी होत नाही. त्यामुळे त्याचा कोरा रकाना शून्य धावांसारखा वाचणारा निवडकर्ता त्याच्यावर उघड अन्याय करतो.