न मागता दिलेले

म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांनी पैसे का द्यावेत? एकत्र घर आणि एकच तिजोरी होती तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. आज मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला आणि म्हातारी जोडी गावी. म्हणून विचार करावा लागतो.

पितृऋण फेडायला, असे आपण चटकन म्हणतो. पण ऋण म्हटले की हिशेब आला. "धाकट्याला घर दिलंत ना, मग त्यानंच बघावं!" अशी भाषा सुरू होते. आणि जे ऋण फिटतच नाही, ते महिन्याच्या पाच हजारांनी कसे फिटणार?

श्रीगुरुचरित्राचा पाचवा अध्याय आठवा. श्रीपाद श्रीवल्लभ सोळाव्या वर्षी पीठापूरहून निघाले. वडील भावांत एक पांगळा, एक आंधळा. आमचा सांभाळ कोण करील, ही आईची चिंता. महाराजांनी संसार मिथ्या म्हणून पाठ फिरवली नाही. कृपादृष्टीने भावांना धडधाकट केले, मातापित्यांची सेवा त्यांच्यावर सोपवली आणि मगच पाऊल उचलले. श्रीनृसिंह सरस्वतीही कारंज्यात आईला जुळे पुत्र होईपर्यंत थांबले. अवताराला कसले आले देणे? तरीही आईच्या मनातली उद्याची धास्ती त्यांनी आधी दूर केली. आपणही द्यायचे ते याचसाठी.

कायदाही आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. ही जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे. पण अर्ज करावा लागला, तिथेच धास्ती खरी ठरली. कायदा रक्कम मिळवून देईल, निर्धास्तपणा नाही देणार.

तेव्हा ऐपतीप्रमाणे द्यावे, थोडे का होईना. पण ठरल्या तारखेला आणि न मागता. औषधाचे बिल परस्पर भरले तरी हातखर्चाला वेगळे द्यावे. आरतीच्या तबकात टाकायला, नातवाच्या हातावर ठेवायला स्वतःचे चार पैसे लागतात हो! त्यांचा हिशेब मात्र विचारू नये. लहानपणी जत्रेत दिलेल्या पैशांचा हिशेब त्यांनी तरी कुठे मागितला होता?

दत्तमहाराज कोल्हापुरी भिक्षेला जातात, ती त्यांची लीला. आपल्या आईवडिलांना मात्र आपल्याच दारी हात पसरावा लागू नये, एवढे पाहावे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥