कोणत्या रकान्यात?

पाहणे आणि पाहिलेल्याला नाव देणे ही दोन कामे आपण एका दमात उरकतो, त्यामुळे ती एकच आहेत असा आपला समज होऊन बसतो. वास्तविक पहिले काम डोळ्यांचे आहे आणि दुसरे निवाड्याचे. निवाडा म्हटला की न्याय-अन्यायाचा प्रश्न आलाच. म्हणून वर्गीकरण हा केवळ शास्त्राचा विषय नसून नीतीचाही आहे, असे मला वाटते.

मी कोपरीत राहते. हिवाळ्यात जवळच्या ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात. त्यांत मोठा रोहित कोणता आणि छोटा कोणता, हे जाणकार चोचीवरून सांगतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद तांबडी. शंका आली तर दुर्बीण दुसऱ्याच्या हाती देता येते. शिवाय आपल्याला कोणत्या यादीत घातले याचे पक्ष्याला सोयरसुतक नसते. माणसाचे तसे नाही. त्याला ज्या रकान्यात टाकाल तेथे त्याला राहावे लागते, त्याच्या मुलांनाही राहावे लागते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हजेरीच्या पहिल्या दिवशी वर्गात किमान चार बोल्या ऐकू येतात. रत्नागिरीकडच्या घरातली मुलगी कोकणी वळणाचे मराठी बोलते. सोलापूर-लातूरकडची मुले दखनी बोलतात, उत्तर प्रदेशातून आलेल्यांच्या घरी भोजपुरी नाही तर अवधी असते. साफ उर्दू घरात बोलणारी मोजकीच. पण दाखल्यावर मातृभाषा बहुतेक सर्वांची एकच, उर्दू. हे खोटे लिहिलेले असते असे मी म्हणणार नाही. पालकांनी तसे सांगितलेले असते आणि त्यामागे दीन, तहजीब, शाळेतला प्रवेश, आपण कोण आहोत याचे उत्तर, असे बरेच काही असते. मात्र तो दावा झाला, निरीक्षण नव्हे. दोन्हींना किंमत आहे, पण ती एका रकान्यात मिसळली की कशाचीच नीट कळत नाही.

देशाच्या पातळीवर हेच घडते. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषांची १९,५६९ नावे सांगितली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरवण्यात आल्या, १,४७४ नावे वर्गीकरणाबाहेर राहिली आणि शेवटी दहा हजारांहून अधिक बोलणाऱ्या भाषा उरल्या १२१. भोजपुरी सांगणारे ५ कोटींहून जास्त होते, ते सर्व हिंदीच्या बेरजेत गेले. एवढ्या मोठ्या देशात छाननी लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओठांवरचे नाव आणि तक्त्यातले नाव यांच्यामध्ये कोणीतरी बसून निर्णय घेतला आहे, याचा विसर पडता कामा नये.

बी.एड.ला शैक्षणिक संख्याशास्त्र होते. त्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडलेले मोजमापाचे चार प्रकार शिकवत. परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले, असेच बहुतेकांचे होते. मला मात्र ते पुढे फार उपयोगी पडले. हजेरीपटावरचा क्रमांक हा आकडा असूनही नुसते नाव आहे. ३० क्रमांकाची मुलगी १५ क्रमांकाच्या दुप्पट नसते. वर्गातला पहिला-दुसरा-तिसरा हा क्रम आहे, अंतर नव्हे. पहिली आणि दुसरी यांच्यात एका गुणाचा फरक असेल, दुसरी आणि तिसरीत वीस गुणांचा. तापमानात अंतर खरे, पण ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे. वजनात मात्र दुप्पट म्हणजे दुप्पटच. निरीक्षणाने जेवढे दिले त्याहून अधिक त्याच्याकडून वसूल करायचे नाही, एवढीच त्या चार प्रकारांची शिकवण.

ही शिकवण मोडली की काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकांची मापे घेत. नाकाची लांबी-रुंदी मोजणे हे वजन करण्यासारखेच निरुपद्रवी काम. पण नाक जितके रुंद तितकी जातीची प्रतिष्ठा कमी, असा सिद्धांत त्यांनी त्यातून काढला. मापाच्या पोटातून उच्चनीचतेचा क्रम जन्माला घातला. त्याच जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा घाट घालण्यात आला. बंगालच्या अहवालात मुसलमानांचेही अशराफ, अजलाफ, अरजल असे थर नोंदले गेले. ते थर समाजात नव्हतेच असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक. ते आपल्यात होते, आहेत. पण अहवालात छापून आल्यावर त्यांना सरकारी शिक्का मिळाला. पुढे १९३३ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्ले यांचे आकडे पुन्हा तपासले आणि त्यांतल्या चुका दाखवून दिल्या. त्याआधी काही वर्षे इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपियनांच्या कवटीची ठेवणच वेगळी आणि बुद्धीला अनुकूल, हे सिद्ध व्हावे अशी तेथे अपेक्षा होती. मापांत तसे काही दिसेना. बाईंनी दिसले तेच लिहिले. परक्या देशात, प्राध्यापकाच्या मर्जीवर पदवी अवलंबून असताना हे लिहायला काय लागले असेल, याचा विचार करावा.

आपल्या समाजातले उदाहरण छप्परबंदांचे आहे. नाव छप्पर बांधणाऱ्यांचे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर १९०८ साली पुस्तक लिहिले, त्यात खोटी नाणी पाडणारे म्हणून छप्परबंद येतात. पोशाख, बोली, वावरण्याची तऱ्हा, गुन्ह्याची रीत, असे सगळे एखाद्या प्राणिजातीचे वर्णन करावे तसे. कोणी एकाने नाणे पाडले हे निरीक्षण असू शकते. जन्माला येणारे प्रत्येक मूल नाणी पाडणारे आहे, हे कोणी पाहिले होते? १९५२ साली तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज छप्परबंद आहेत, मुस्लिमांसह, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या यादीने डाग लावला तिच्याच वारसाच्या आधारे आता सवलत मिळते. त्यामुळे ‘रकानेच नकोत’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नाव पुसले तर नुकसानही पुसले जाते आणि भरपाई मागायला आधार उरत नाही.

मग वर्गीकरण करावे कसे? याचा एक चांगला नमुना आपल्याच घरात आहे, पण आपण त्याकडे श्रद्धेने पाहतो, पद्धत म्हणून क्वचितच. हदीस तपासणाऱ्या मुहद्दिसांनी रिवायतींचे प्रकार पाडले. सहीह, हसन, जईफ ही नावे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. हिजरी ६४३ मध्ये वारलेल्या इब्न सलाह यांनी या शास्त्राचे ६५ प्रकार सांगितले आणि एवढ्यावर यादी संपत नाही, असेही नमूद केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सहीह म्हणजे सनदीच्या अटी पुऱ्या झाल्या, एवढाच त्या शब्दाचा अर्थ त्यांनी ठेवला. एखादी रिवायत सहीह नाही म्हटल्याने ती खोटीच ठरत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले. शिक्का मारला तो पुराव्यावर, आणि पुरावा कोणाकडून कोणाकडे आला ती साखळी सोबत जोडून. वाचणारा ती पुन्हा तपासू शकतो, मतभेद नोंदवू शकतो. आज आपल्यातला एखादा ‘जईफ’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, तेव्हा त्या बुजुर्गांची सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

शाळेत मात्र आपण साखळी जोडत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा गुणांऐवजी श्रेणी आल्या. ८१ आणि ९० एकाच श्रेणीत, ८० आणि ८१ वेगळ्या श्रेणींत. ते एकवेळ चालेल. पण सोबत वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. ही त्या पद्धतीतली सर्वांत चांगली गोष्ट, कारण तेथे मुलाकडे खरोखर पाहावे लागते. झाले काय, तर तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘वर्गात लक्ष देत नाही’, ‘गटकार्यात भाग घेते’. वाक्ये आधी आणि मूल नंतर. ज्या मुलीला ‘अबोल’ लिहिले जाते ती घरी कोकणीत आजीशी तासभर भांडते, हे कोणत्या यादीत सापडणार?

आता पुढची जनगणना आली आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक जाहीर झाला असून जातीचीही नोंद होणार आहे. दारोदार जाणाऱ्यांत दरवेळी आम्हा शिक्षकांचा भरणा असतो. शेख एवढेच सांगणाऱ्या घरात अन्सारी, बागवान, पिंजारी, छप्परबंद कोण, हे त्या घराने सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि सांगायचे की नाही हा निर्णय त्या घराचा आहे. भाषेचे सोपे आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती भाषा. शाळेची नव्हे, नमाजची नव्हे, पोस्टरवरची नव्हे. ते काम माझ्याकडे आलेच, तर प्रत्येक उंबऱ्यावर ही व्याख्या आधी वाचून दाखवायची आणि मग येईल ते नाव, कोकणी, दखनी, भोजपुरी, उर्दू, मराठी, जसेच्या तसे लिहून घ्यायचे, असे मी ठरवले आहे.