पाण्याची साक्ष

लेस्टरजवळ सोअर नदीत दादांच्या अस्थी सोडल्या. लेकीनं विचारलं, "आजोबा पाण्यात विरघळले?" मी अडखळले. हाडांची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. ते जवळजवळ विरघळतच नाही. पण तिनं विचारलं होतं ते वेगळंच.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला लावतो आणि सकाळी ते परत मागतो. मीठ सापडत नाही. मग पाणी चाखायला सांगतो: वरचं, मधलं, तळचं. दादा ही गोष्ट सांगताना म्हणत, "मीठ बोलत नाही गं, पाणी बोलतं."

प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं हेच केलं. एनएमआर यंत्रात रेडिओलहरींचा ठोका देऊन पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचं चुंबकत्व उलटवायचं आणि ते पूर्ववत व्हायला लागणारा काळ मोजायचा. ऑक्सिजन काढलेल्या शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला हा काळ साडेतीन सेकंदांच्या आसपास असतो. रेणू रेंगाळले की तो घटतो. पाण्यातल्या आयनांभोवती काय घडतं, याचा विचार १९३३ साली बर्नाल आणि फाउलर यांनी मांडला होता. माझ्या हातात ते मोजायची बारीक काचनळी होती.

मॅग्नेशियम क्लोराइड टाकलं, काळ घटला. मॅग्नेशियमचा आयन सहा रेणू जवळ धरून असतो, पण एकेक रेणू सेकंदाच्या दशलक्षांशाएवढाच टिकतो. पालखी चालत राहते, खांदे बदलतात. पोटॅशियम आयोडाइड टाकलं तर काळ चक्क वाढला! ऑक्सिजन हटवायला मी द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडले आणि पुन्हा मोजलं. आकडा तोच. तिथलं पाणी शुद्ध पाण्याहून मोकळेपणानं फिरत होतं.

उद्दालक आत्म्याविषयी बोलत होता. माझ्या नळीतून ते सिद्ध होत नाही. पण विलय म्हणजे पुसलं जाणं, हे मला आता पटत नाही. विरघळलेला आयन असतोच, आणि त्याच्या असण्यानं शेजारच्या पाण्याची चाल बदलते.

आई अजून सहाच्या ठोक्याला दोन कप चहा ठेवते, दादांच्या खुर्चीजवळून हलत नाही. त्यांच्यासमोर कधी तोंड न उघडणारा भाऊ मात्र हल्ली दर रविवारी नॉटिंगहॅमहून येतो आणि भडाभडा बोलत बसतो.