बीभत्साचे सौंदर्य आणि लोभाचे दर्शन

जे प्रत्यक्षात समोर आले तर मनुष्य मान फिरवील, तेच कलेत तो डोळे भरून का पाहतो, हा सौंदर्यशास्त्राइतकाच धर्मचिंतनाचाही प्रश्न आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने सहाव्या अध्यायात बीभत्साला आठ रसांत मानाचे स्थान दिले आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच वसणारी वृत्ती, मानला. भट्टनायकांनी मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार, रंगभूमीवरील भाव कुणा एका व्यक्तीचा न राहता सर्वांच्या अनुभवाचा होतो, आणि त्यामुळे प्रेक्षक स्वतःच्या भीतीत न अडकता तिचा आस्वाद घेऊ शकतो. तथापि आस्वाद शक्य का होतो, एवढे सांगून तो कशासाठी घ्यावा, याचे उत्तर मिळत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (2018) हा चित्रपट विशेष उपयोगी आहे. त्याची भाषा हिंदी असली तरी त्याची भूमी कोकणातली, काळ 1918 ते 1947 हा, प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेची आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आलेले आहे. कोणतीही जुनी लोककथा जशीच्या तशी न घेता त्याने परीकथेच्या घाटाची एक नवी पुराणकथा रचली: समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याने सोने बळकावले, पण अन्नाला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले, देवीने त्याला वाचवले ते त्याची पूजा कधीही होणार नाही, या अटीवर. म्हणून तो सोन्यात असूनही उपाशी आहे, आणि कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्या लंगोटातील मोहरा पळवणे हा चित्रपटाचा नायक विनायक याच्या आयुष्याचा उद्योग होऊन बसतो.

या चित्रपटात सौंदर्य व विरूपता परस्परांना छेदत नाहीत, तर एकमेकांचा अर्थ उलगडतात. अखंड कोसळणारा पाऊस, काळवंडलेला वाडा आणि विहिरीच्या तळाशी असलेले देवीचे तांबडे, मांसल गर्भगृह ही दृश्ये इतकी देखणी आहेत की प्रेक्षकाची नजर तेथून हलत नाही, आणि त्या खिळलेल्या नजरेतूनच विनायकाचा मोह त्याला आतून कळू लागतो. दुसरीकडे, जिच्या देहातून झाड उगवले आहे ती शापित आजी किळसवाणी दिसत असूनही करुणेस पात्र ठरते, कारण तिला धन नको, मरण हवे आहे. ज्याची खरी शिसारी यावी तो विनायक मात्र जवळजवळ अखेरपर्यंत रूपवान राहतो. शेवटी त्याचा देहही विद्रूप होतो, तेव्हा त्याने पुढे केलेले सोने नाकारून त्याचा मुलगा पांडुरंग लोभाची परंपरा तोडतो.

गियेर्मो देल तोरो यांच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (2006) या स्पेनमधील यादवी युद्धानंतरच्या काळात घडणाऱ्या चित्रपटातही, तळहातांत डोळे असलेला राक्षस भरल्या ताटांसमोर बसलेला दिसतो; पण त्याहून क्रूर असतो तो नीटनेटक्या गणवेशातील लष्करी अधिकारी. वाईट मनुष्याला कुरूप रूप देण्याची परीकथांची जुनी सवय अशा कलाकृती मोडतात. ती सवय अन्यायकारक आहे, कारण तिने वार्धक्य, व्याधी आणि व्यंग यांनाच पापाची चिन्हे ठरवले.

पतंजलींच्या योगसूत्रांत शौचाच्या, म्हणजे शुद्धतेच्या, साधनेतून स्वतःच्या देहाविषयी जुगुप्सा उपजते, असे सांगितले आहे. म्हणजे भारतीय परंपरेत किळस ही वैराग्याची एक पायरीही आहे. ती दुसऱ्याच्या देहाकडे वळली तर तिरस्कार निर्माण होतो आणि स्वतःच्या वासनेकडे वळली तर विवेक जागा होतो. म्हणून बीभत्सदर्शनाचे मोल ठरवण्याची कसोटी एकच असावी: प्रेक्षकाला त्याने कुणाची किळस शिकवली. ‘तुंबाड’ ती लोभाची शिकवतो, आणि म्हणूनच त्यातील बीभत्स हा निव्वळ भयाचा खेळ न ठरता धर्मविचाराच्या तोलाचा ठरतो.