सवय सोडायची कोणी?



एका प्रश्नाचा आपण सगळ्यांनी मिळून विचार करावा म्हणून हे लिहीत आहोत. हाताखालचं साधन बदललं की त्रास होतो. तो त्रास म्हणजे आपली आसक्ती समजायची, की तो खरोखरचा त्रास असतो? आणि हे ठरवायचं कोणी?

निमित्त आपल्या वेबसाइटचं आहे. ती ‘वर्डप्रेस’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते. २००३ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर जगभरातले लोक मिळून घडवतात आणि कोणालाही फुकट वापरता येतं. ६ डिसेंबर २०१८ रोजी त्याची ५.० ही आवृत्ती आली आणि लिहिण्याचं पानच बदललं. आधी वहीसारखं एक सलग पान असायचं, वर बटणांची एक ओळ. आता प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक फोटो, प्रत्येक मथळा हा वेगळा ‘ब्लॉक’, म्हणजे चौकोनी ठोकळा. तो उचलून वर-खाली करता येतो. या नव्या पानाला ‘गुटेनबर्ग’ असं नाव दिलं. पंधराव्या शतकात जर्मनीत सुटे खिळे जुळवून पुस्तकं छापणारे ते गुटेनबर्ग. हाताने पोथ्या उतरवणाऱ्यांना तेव्हा काय वाटलं असेल, बघा!

आपण हे अपडेट बरीच वर्षं टाळलं. ‘चाललंय ना नीट, मग कशाला हात लावायचा?’ असं सगळेच म्हणत होते. पण सॉफ्टवेअरमध्ये वेळोवेळी फटी सापडतात. त्या बुजवल्या की काय बुजवलं ते जाहीर होतं, म्हणजे फट कुठे होती हे चोरालाही कळतं. ज्याने अपडेट केलं त्याचं दार बंद झालं. ज्याने नाही केलं त्याचं दार उघडंच, आणि आता पत्ताही जाहीर! वेबसाइटवर शिबिराला नाव नोंदवणाऱ्या कुटुंबांचे फोन नंबर आहेत. लोकांनी विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव आहे ती. आपल्या सोयीसाठी ती उघड्यावर ठेवायची हे सेवेत बसत नाही. म्हणून अपडेट करणं हे कर्तव्यच होतं, यात आम्हाला शंका नाही.

पण त्या दुरुस्तीबरोबर नवं पानही आलं, आणि अडचण तिथे झाली.

आपल्या एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. दर आठवड्याच्या सत्संगाचा वृत्तांत त्याच टाइप करून वेबसाइटवर टाकायच्या. एकही आठवडा चुकला नव्हता. नवं पान आलं आणि दोन आठवडे वृत्तांत आला नाही. विचारलं तर म्हणाल्या, “आता डोळे चालत नाहीत गं, तरुणांनी करावं.” डोळे मागच्या महिन्यात होते तेच होते. अनुस्वार राहिला तर त्यांना तो लगेच दिसतो! पण ओळखीचं बटण जागेवर नव्हतं, कर्सर ठेवला की भलताच चौकोन उघडायचा, ‘प्रकाशित करा’ म्हटलं की पान पुन्हा विचारायचं, ‘नक्की ना?’ आणि त्या थबकायच्या.

तेव्हा गटात एकाने लिहिलं, “देहसुद्धा वस्त्रासारखा टाकायचा असतो, मग एका पडद्याची आसक्ती कशाला?” खाली बऱ्याच जणांनी हात जोडले.

वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच त्यावर थांबून विचार करायला हवा. हे वाक्य स्वतःला सांगितलं तर साधना होते. आम्ही स्वतः नव्या पानावर चिडचिड करत होतो तेव्हा ते आम्हाला लागू होतं. आमचे डोळे, हात ठीक आहेत, शिकवायला घरात मुलं आहेत. आमची तक्रार निव्वळ सवयीची होती आणि पंधरा दिवसांत ती गेलीही. पण तेच वाक्य आजींना सांगितलं की त्याचा अर्थ फिरतो. त्यांच्याजवळ बसायला आपल्याला वेळ नाही, ही आपली उणीव आपण वैराग्याच्या शालीखाली झाकतो. अनासक्ती ज्याने त्याने स्वतःपुरती पाळायची असते. दुसऱ्याच्या वाट्याला आपल्याकडून सवलत यावी, धीर यावा.

आजींसारख्यांची अडचण जगात इतरांनाही दिसली होती. नवं पान येण्याआधीच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वर्डप्रेसमध्ये दिव्यांगांची सोय पाहणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी ते काम सोडलं. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आणि माउसशिवाय फक्त कीबोर्डवर काम करणाऱ्यांना नवं पान जड जाईल, असं त्या गटाचं म्हणणं होतं. अंध माणसाला आपण ‘आसक्ती सोडा’ म्हणू का?

त्याच वर्डप्रेसमध्ये एक सोय आहे. ‘क्लासिक एडिटर’ नावाचं प्लगइन बसवलं की जुनं पान परत मिळतं, आणि कोणी कुठल्या पानावर लिहायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं. आम्ही ते बसवलं. दुरुस्ती सगळ्यांना लागू, दार बंद. आणि आजींना त्यांचं जुनं पान. वृत्तांत पुन्हा येऊ लागला. वाचणाऱ्याला कळतही नाही की तो कुठल्या पानावर लिहिला आहे.

कोणी म्हणेल, ही कुबडी कायमची थोडीच? खरं आहे. ते प्लगइन आधी २०२१ अखेरपर्यंतच सांभाळणार होते, पुढे मुदत वाढली. कधीतरी ते थांबेलही. पण मिळालेला वेळ शेजारी बसून शिकवण्यासाठी आहे. गडबडीत शिकवलं की माणूस ‘मला जमत नाही’ एवढंच शिकतो.

आपल्या आदिलाबादच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पैनगंगेच्या या काठावर घर तेच राहिलं आणि वरचं राज्य बदलत गेलं. आधी हैदराबाद, १९५६ मध्ये आंध्र प्रदेश, २०१४ मध्ये तेलंगणा. २०१६ मध्ये तर जिल्ह्याचेच चार भाग झाले आणि बासरची सरस्वती निर्मल जिल्ह्यात गेली. कचेरीतली उर्दू जाऊन तेलुगू आली. आपल्या लोकांनी ते सगळं निभावलं, कारण दर वेळी अर्ज वाचून दाखवणारं, भरून देणारं कोणीतरी शेजारी होतं.

आणि आपल्याच नारनूर मंडलातलं गुंजाला गाव बघा. तिथल्या पोथ्यांतली गोंडी लिपी मोजक्या वयस्कर मंडळींनाच वाचता येत होती. ‘म्हाताऱ्यांची सवय’ म्हणून ती सोडून दिली असती तर तिथेच संपली असती. पण लोक त्यांच्यापाशी बसले, अक्षरं समजून घेतली, आणि जून २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांच्या अक्षरमालेत, दाखल झाली. त्याच वर्षी वर्डप्रेसचं नवं पान आलं. नव्या यंत्रात जुन्या हाताला जागा करता येते. कोणी करायला बसलं तर.

म्हणून एक विनंती. प्रत्येक कुटुंब-गटात ज्याला नवं पान जमलं आहे, त्याने एकाच व्यक्तीची जबाबदारी घ्यावी. माउस तिच्या हातात द्यावा, आपण हात मागे घ्यावेत, आणि चौथ्यांदा तेच विचारलं तरी पहिल्यांदा सांगितलं तसंच सांगावं. आपली स्वतःची सवय किती सुटली, हे त्या चौथ्या वेळी कळेल.

आपल्या सेवेकरी भगिनी, आदिलाबाद