पाठ्यपुस्तकातले भांडण कुठे गेले?

पदवीच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र घेणाऱ्या मुलांच्या हाती जी पुस्तके पडतात, त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार, कार्ये. कुटुंब असो, जात असो की धर्म, सगळे याच खणांत बसवलेले. व्याख्या मॅकायव्हरची, नाहीतर ऑगबर्न आणि निमकॉफ यांची. अशा पुस्तकाचे मोल ठरवताना भाषा सोपी आहे का आणि अभ्यासक्रम पुरा झाला का, एवढेच आपण पाहतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. अभ्यासकांमधले भांडण या पुस्तकाने दाखवले आहे, की परस्पर मिटवून टाकले आहे?

म्हसळ्यात हा प्रश्न अधिकच बोचतो. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाचा, रायगड जिल्ह्यातला हा तालुका 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होता. कुणबी, आगरी, कोळी, बौद्ध, कोकणी मुसलमान, कातकरी अशी इथली वस्ती. पुस्तक सांगते की औद्योगीकरणामुळे संयुक्त कुटुंबाचा ऱ्हास झाला. इथे एक भाऊ मुंबईत, दुसरा आखातात, भातशेती म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या अंगावर; पण सातबाऱ्यावर नावे सगळ्यांची, आणि लग्नाला, सणाला, घर शाकारायला पैसा एकत्र येतो. हे कुटुंब मोडले की टिकले? आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावचा अभ्यास 1964 मध्ये पुस्तकरूपाने मांडला तेव्हा हाच पेच धरला होता. चूल वेगळी झाली म्हणून एकत्रपणा संपत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे 1973 मध्ये ए. एम. शहा यांनी एका छपराखाली राहणारे घर आणि नात्याने बांधलेले कुटुंब यांत फरक करायला लावला. ऱ्हासाचे ते एक वाक्य पाठ करणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. हा वाद वाचणाऱ्याला मात्र आपल्याच घराकडे नव्याने पाहता येते.

जातीच्या प्रकरणात तर हे मिटवणे अन्यायाच्या पातळीला जाते. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या ग्रंथात दिलेली जातीची सहा वैशिष्ट्ये विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. डॉ. आंबेडकर मात्र त्याला बहुधा समाजसुधारकांच्या प्रकरणात भेटतात. वास्तविक 9 मे 1916 रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या, कुठे काय निसटते ते दाखवले आणि जातीचे मूळ स्वजातीतच लग्न करण्याच्या बंधनात शोधले. व्याख्येकडे कसे पाहावे याचा इतका चांगला धडा पहिल्या वर्षाला दुसरा नाही. तो वगळून फक्त वैशिष्ट्यांची यादी द्यायची म्हणजे अभ्यासकाला पुतळा करून बाजूला ठेवणे.

यावर उपाय म्हणून वेचे-संग्रहाकडे बोट दाखवले जाते. शिकागोच्या पार्क आणि बर्जेस यांनी 1921 मध्येच हजारावर पानांचे पाठ्यपुस्तक काढले, त्यात अनेक लेखकांचे मूळ उतारे आणि पुढे प्रश्न. आपल्याकडे ए. आर. देसाई यांनी ग्रामीण समाजशास्त्राचा, इम्तियाज अहमद यांनी 1973 मध्ये मुसलमानांतील जातिस्तरांचा, तर शर्मिला रेगे यांनी 2003 मध्ये लिंगभावाच्या समाजशास्त्राचा संग्रह संपादित केला. पण हे सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ते शब्दकोश घेऊनच वाचावे लागतात. शिवाय वेचा फार कापला की त्याचेही सुभाषित होते. प्रस्तावनेत संपादकाने संदर्भ दिला नाही, तर चांगला वेचाही अधांतरी राहतो.

मराठीत असा संग्रह करायला सामग्री कमी नाही. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा, त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ 1915 चा. दोघांच्याही डोळ्यांपुढे कुणबीच आहे, पण त्याला कोण नाडतो याचे उत्तर दोघे वेगवेगळे देतात. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की विद्यार्थ्याला बाजू घ्यावी लागते. शिवाय आत्रे यांचे गाव देशावरचे. विखुरलेल्या वाड्यांचे आणि खोतीचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोतांच्या अमलाचे कोकण त्या चौकटीत मावत नाही. म्हणून तिसरा वेचा खोतीवरचा हवा. 1933 मध्ये सुरू होऊन 1939 पर्यंत चाललेला चरीचा खोतांविरुद्धचा शेतकरी संप, 1937 मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयक आणि 1949 चा कायदा हे सारे रायगडच्या मुलाच्या आजोबा-पणजोबांच्या हयातीत घडलेले आहे. त्याच ओळीत ताराबाई शिंदे यांचे 1882 चे ‘स्त्री-पुरुष तुलना’ आले तर कुटुंबाच्या कार्यांची यादी निर्धोक राहणार नाही.

एवढे करूनही संग्रह धूळ खात पडेल, जर परीक्षेत ‘ग्रामसमुदायाची वैशिष्ट्ये सांगा’ हाच प्रश्न येत राहिला. त्या प्रश्नाला गाईड पुरते आणि मुले गाईडच घेतात. त्यांचे चुकत नाही. म्हणून पुस्तकांचे मोल करायला बसलेल्या समितीने आधी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवाव्यात. ‘फुले आणि आत्रे यांपैकी कोणाचे म्हणणे तुमच्या गावाला लागू पडते, कारणे द्या’ असा एक प्रश्न जरी सक्तीचा झाला, तरी बाजारातली निम्मी पुस्तके आपोआप निकाली निघतील आणि उरलेल्यांना नव्याने लिहावे लागेल.