पहिलाच गुन्हा

अपहाराच्या प्रकरणात घरची माणसं वकिलाकडे येतात ती दोन वाक्यं घेऊनच. 'पहिलाच गुन्हा आहे' आणि 'पैसे भरून देतो.' धुळ्याकडचा बाप अहिराणीत विचारतो, 'पैसा भरी दिधा ते पोऱ्या सुटी जाई ना?' जळगाव-धुळ्याच्या कोर्टांत इतकी वर्षं वकिली करून मला वाटतं, ही दोन्ही वाक्यं खरी असली तरी त्यांचं वजन घरच्यांना वाटतं तेवढं नसतं.

पाकीटमाराच्या बाबतीत पहिला गुन्हा आणि पाचवा गुन्हा यांत फरक आहे. अपहारात आरोपी बहुतेक वेळा पहिलटकरच असतो. ज्याच्या नावावर गुन्हा आहे त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देतो कोण? वीस वर्षांची निष्कलंक नोकरी बचावाचा वकील गुण म्हणून मांडतो. सरकारी वकील म्हणतो, याच विश्वासावर तर हे झालं.

मग प्रश्न उरतो कलमाचा. जिनिंगमधल्या दिवाणजीने मालकाचे पैसे वापरले तर जुनं कलम ४०८, कमाल सात वर्षं. तेवढीच रक्कम ग्रामसेवकाने उचलली तर ४०९, आणि तिथे जन्मठेपेपर्यंत मजल जाते. १ जुलै २०२४ पासून ही कलमं भारतीय न्याय संहितेच्या ३१६ मध्ये गेली, भेद तसाच राहिला. दिवाणजीचं प्रकरण न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटू शकतं, ग्रामसेवकाचं नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची सोय आहे. कच्च्या कैदेत कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढलेल्या पहिल्या वेळच्या आरोपीला सोडायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. जन्मठेपेचे गुन्हे दोन्हींतून वगळलेले. म्हणजे 'पहिलाच गुन्हा' हे म्हणणं नेमकं सरकारी नोकराच्या कामी येत नाही. मला यात फारसं वावगं वाटत नाही, पण दोन-पाच हजारांच्या पाणीपट्टीसाठीही तेच कलम लागतं तेव्हा ते जड वाटतं.

पैसे भरण्याचंही तसंच. थोड्या दिवसांसाठी अप्रामाणिकपणे वापरलेला पैसा हाही कायद्याने अपहारच. भरणा केल्याने शिक्षा हलकी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही. आणि जामीन म्हणजे वसुलीची कारवाई नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं असलं, तरी आमच्याकडे जामिनाच्या सुनावणीत पहिला प्रश्न 'भरले किती?' हाच येतो.

घरचे विचारतात शिक्षेचं, पण तुरुंग बहुधा त्याआधीच येतो. जळगावचं घरकुल प्रकरण आठवा. पालिकेच्या घरकुल योजनेतल्या सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहाराची फिर्याद तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली मार्च २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला सप्टेंबर २०१६ मध्ये. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला त्यानंतर तीन वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०१९ ला: ४८ जण दोषी, जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं. पुढे अपील उच्च न्यायालयात गेलं आणि तिथून जैन यांना जामीन मिळाला. निकालाआधीची साडेचार वर्षं मात्र कोठडीत गेली होती.

घरकुलात हात वरपर्यंत पोचला. लहान प्रकरणांत अटक खालून सुरू होते आणि बरेचदा तिथेच थांबते. व्हाउचरवर दोन सह्या असतात. पोलीस कारकुनाच्या दारात येतात. म्हणून शेत विकायला निघालेल्या बापाला मी आधी थांबवतो. लेखापरीक्षकाचा अंतिम आकडा यायचा असतो, आणि तो फिर्यादीतल्या आकड्यापेक्षा कमी निघू शकतो. रोजकीर्द, बँकेचे उतारे, दुसरी सही कोणाची, हे आणा म्हणतो. बाप मान हलवतो आणि बाहेर जाऊन गिऱ्हाईकाला फोन लावतो.